जुन्या स्टोव्हची काजळी

घरांतील एखादी वस्तु निरुपयोगी झाली म्हणजे तिला बहुधा दोनच वाटा मोकळ्या असतात. माळ्याची किंवा भंगाराची. अलीकडे मात्र एक तिसरी वाट रुळूं लागली आहे, ती संग्राहकाच्या दिवाणखान्याची. जो पितळी पंपाचा स्टोव्ह तीस वर्षांपूर्वीं फुकट दिला तरी घेणारा कांकूं करी, तो आज चकचकीत होऊन कांचेच्या कपाटांत बसतो. आणि ज्या तांब्याच्या बंबानें तीन पिढ्यांच्या स्नानाचें पाणी तापविलें, तो एखाद्या उपाहारगृहाच्या दारांत फुलझाडाची कुंडी होऊन उभा राहतो. या नव्या वाटेविषयीं आमच्या मनांत आदर आहे आणि एक शंकाहि आहे.

पिंपरी-चिंचवडचा परिसर म्हणजे या तीनहि वाटांचा तिठाच होय. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि मग भोसरी-आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत शेतांच्या जागीं यंत्रशाळा उठल्या. सातारा, सांगली, मराठवाडा येथून आलेल्या कामगारानें भाड्याच्या खोलींत संसार मांडला, तो चुलीवर नव्हे. खोलींत मातीची चूल घालूं देणारा घरमालक विरळा, आणि सरपण तरी आणावें कोठून? खाटेखालीं सरकणारा रॉकेलचा स्टोव्ह हेंच त्याचें स्वयंपाकघर. पुढें गॅस आला, आणि हे स्टोव्ह भंगाराच्या गाडीवर चढले. चिखलीजवळच्या कुदळवाडींत अशा जुन्या मालाचीं गोदामें कित्येक वर्षें होतीं. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तीं अनधिकृत म्हणून मोठ्या प्रमाणावर पाडलीं. तेथें जे वितळावयाचें तें वितळलें. त्यांतून वेंचून निघालेलें थोडेंसें संग्राहकांच्या हातीं पडलें.

हे संग्राहक केवळ हौशी असतात असें समजूं नये. त्यांची विद्या खरी आहे. १८९२ च्या सुमारास स्टॉकहोम येथें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें वातीवांचून, हवेच्या दाबावर चालणारा स्टोव्ह सिद्ध केला, आणि ‘प्रायमस’ हें नांव जगभर गेलें. त्याची रचना सोपी पण नाजूक. वाटींत स्पिरिट जाळून किंवा काकडा लावून आधीं बर्नर तापवावयाचा, मग चावी आवळून पंप मारावयाचा. दाबानें वर चढलेलें रॉकेल तापलेल्या नळींत वायुरूप होतें आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघून निळ्या ज्योतीनें जळतें. छिद्र तुंबलें कीं पिन मारावी, पंप धरीनासा झाला कीं चामड्याचा वायसर बदलावा. जाणता संग्राहक टाकी उलटी करून पाहतो. कारण मूळ स्वीडिश मालाच्या बुडाशीं वर्षदर्शक अक्षर ठोकण्याची पद्धत १९११ पासून होती, आणि अंगावरचें नांव व क्रमांक यांवरून अस्सल कोणता व नक्कल कोणती हें कळतें. डोक्यावरच्या तबकडीवर ज्योत आदळून घोंघावणारा बर्नर निराळा, आणि बारीक छिद्रांच्या टोपीचा शांत बर्नर निराळा. टाकी जुनी व बर्नर नवा असा जोड दिसला कीं संग्राहक नाक मुरडतो. आम्हांस मात्र असा स्टोव्ह अधिक बोलका वाटतो. तो कोणाच्या तरी रोजच्या उपयोगांत होता, याची ती खूण आहे.

या वृत्तीला आमच्याकडे थोर पूर्वज आहे. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला तो राजेरजवाड्यांच्या रत्नांचा नव्हे, तर दिवे, अडकित्ते, खवण्या, दौती अशा घरगुती वस्तूंचा. अल्पवयांत गेलेल्या राजा या पुत्राच्या नांवें उभा केलेला हा संग्रह त्यांनीं १९६२ सालीं महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केला, आणि आज त्यांत वीस हजारांवर वस्तु आहेत. सामान्य घरांतील बायकांच्या हातांखालची वस्तूहि इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट त्यांनीं पटवून दिली.

मग शंका कशाची? ज्या वस्तूनें कोणाचें आयुष्य झिजविलें, कोणाचें तर संपविलेंच, तिच्या सौंदर्याचा आनंद निश्चिंत मनानें घेण्याचा आम्हांस अधिकार काय, ही ती शंका. चुलीचा धूर हा कवितेंत गोड वाटतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. स्टोव्हनें त्या धुरांतून पुष्कळशा स्त्रियांची सुटका केली, हें त्याचें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये. परंतु ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यु’ ही चार ओळींची बातमी वृत्तपत्रांत किती वर्षें येत होती, आणि त्यांतील कित्येक भडके स्टोव्हचे नव्हतेच, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. १९८३ सालीं दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें, १९८६ सालीं हुंडाबळीचें ३०४-ब आलें. या कलमांमागें अशा जळलेल्या स्त्रियांची लांब रांग उभी आहे. वस्तुसंग्रहालयांतील तरवार पाहणाऱ्यास ती कशासाठीं होती हें सांगावें लागत नाहीं. स्टोव्ह मात्र घांसून ठेवला कीं अगदीं निरपराध दिसतो.

यावर संग्राहक म्हणेल, घांसण्याचा दोष आमच्या माथीं कां? घरची बाईच तो चिंच-राखेनें घांसून लखलखीत ठेवीत असे! आक्षेप बिनतोड दिसतो, आणि त्यांत तथ्यहि आहे. तिला त्या पितळेचा अभिमान होता. पण ती घांसत असे तो उद्यां पुन्हां पेटवावयासाठीं, आणि तिच्या हातानें टाकीवरचा पोंचा बुजला नाहीं कीं पंपाच्या मुठीची झीज भरून निघाली नाहीं. आजचें काम यंत्रावर होतें. बफच्या चाकाखालीं काजळी जाते, पोंचा ठोकून सारखा होतो, पत्रा पातळ होतो आणि ज्या अक्षरावरून वय ओळखावयाचें तें अक्षरहि त्याबरोबर पुसलें जातें. ओळखण्याची विद्या मिळवून मग ओळखच घालवावयाची, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं. सत्य आणि शोभा यांचा कलह पुष्कळदां कल्पित असतो. येथें तो पितळेवर प्रत्यक्ष दिसतो.

तेव्हां संग्रह करूंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. भंगारांत गेलेला स्टोव्ह कोणाचीच साक्ष देत नाहीं. ठेवलेला निदान देऊं शकेल. मात्र साक्षीदारास बोलूं दिलें पाहिजे. विकणाऱ्याशीं भावाची घासाघीस करण्याआधीं, यावर कोण रांधीत होतें, किती माणसांचें, खोली कोठें होती, तो कधीं भडकला होता काय, एवढें विचारावें आणि मिळेल तें चिठ्ठीवर लिहून टाकीला बांधावें. मोहननगरच्या किंवा भोसरीच्या कोणा म्हातारीस हे प्रश्न विचारणारा माणूस सहसा भेटलेला नसतो. ती सांगेल त्यांत रेशनच्या रॉकेलची रांग असेल, तिसऱ्या पाळीहून येणाऱ्या नवऱ्यासाठीं रात्रीं पुन्हां पेटविलेला काकडा असेल, आणि एखादे वेळीं शेजारच्या खोलींतील अशी एक गोष्टहि असेल, कीं जी ती आवाज उतरवून सांगेल. तीहि लिहून घ्यावी.

चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत आज बिहार-ओडिशाकडून आलेलीं तरुण माणसें पांच किलोच्या गॅसवर नाहीं तर विजेच्या शेगडीवर भात शिजवितात. ती शेगडीहि चाळीस वर्षांनीं कोणाच्या तरी कपाटांत जाईल; आणि ती वापरणाऱ्याचें नांव-गांव विचारावयाचें तर तो आज संध्याकाळीं पाळी संपवून घरीं येणारच आहे.