दाराच्या बाजूला उभे राहून

माझा भाचा औरंगाबादला शिकतो. २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण आमच्या घरात बोलताना जुनेच नाव तोंडात येते, म्हणून इथेही तेच येईल. या भाच्याला अभ्यासाव्यतिरिक्त एक छंद लागला आहे. रविवारी सकाळी तो आणि त्याच्यासारखी पंधरा-वीस माणसे एखाद्या जुन्या दरवाजापाशी जमतात. त्यात कॉलेजची मुले-मुली असतात, एखादे निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेत नोकरी करणारी एखादी बाई असते. सगळे मिळून जुन्या शहरातून पायी हिंडतात आणि फोटो काढतात. पैसे कुणाला मिळत नाहीत. ऊन चढले की कुठेतरी चहा पिऊन आपापल्या घरी जातात.

आम्ही चकलांब्याचे. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावाला औरंगाबाद नवे नाही. दवाखाना तिथे, हायकोर्ट तिथे, लग्नाचा बस्ता बऱ्याचदा तिथेच. पण मी त्या शहरात नेहमी काही काम घेऊन गेलो. नुसते पाहायला म्हणून कधी गेलो नाही. तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, एक इतवार हमारे साथ चलो," तेव्हा मी हसलो आणि गेलो.

त्या सकाळने मला दोन गोष्टी दिल्या. एक लाज आणि एक प्रश्न. लाजेचे आधी सांगतो, कारण ती माझी स्वतःची आहे.

आम्ही भडकल दरवाजापाशी उभे होतो. या दरवाजाखालून मी रिक्षाने किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब नाही. तो मलिक अंबरने बांधला, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला, हे मला त्या दिवशी एका विशीतल्या मुलीने सांगितले. तिचे आडनाव कुलकर्णी होते. हबशी मुलुखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस निजामशाहीचा वजीर होतो, १६१० मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी शहर वसवतो आणि डोंगरातले पाणी खापरी नळांतून त्या शहरात खेळवतो, ही गोष्ट ती मुलगी अशी सांगत होती की जणू तिच्या पणजोबाची आहे. आणि मी, ज्याच्या घरात रोज 'आपला इतिहास, आपला इतिहास' असा जप चालतो, तो मान वर करून पहिल्यांदाच त्या कमानीची उंची बघत होतो.

आपल्या समाजात एक तक्रार फार ऐकू येते, की आमच्या खुणा पुसल्या जातात. तक्रार खोटी नाही. पण ज्या खुणांकडे आपण स्वतः पाहत नाही, त्या पुसायला दुसऱ्या कुणाची गरज असते का? औरंगाबादला बावन्न दरवाजे होते असे म्हणतात. आज त्यांतले थोडेच उभे आहेत. पडले ते काही वाहतुकीने, काही पावसाने, काही रुंदीकरणाने. आणि काही, मला वाटते, न पाहिल्याने. दुलारी कुरेशी आणि रफत कुरेशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शहराची नोंद करण्यात वर्षे घातली. इन्टॅकच्या तिथल्या शाखेनेही असे वारसा-फेरफटके काढले. त्यांत आपल्यापैकी किती जण चालले, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

पाहणे हा आपल्याकडे नुसता शौक नाही. कुरआनात माणसाला पुन्हा पुन्हा सांगितले आहे, की जमिनीवर हिंडा, आणि तुमच्या आधी जे होऊन गेले त्यांचे काय झाले ते पाहा. रूममध्ये आहे, आणखीही ठिकाणी आहे. घरी बसून ऐका असे तिथे म्हटलेले नाही. पायांनी चाला आणि डोळ्यांनी पाहा, असे म्हटले आहे. त्या अर्थाने कुलकर्ण्यांची ती मुलगी माझ्यापेक्षा त्या हुकुमाच्या जवळ होती. (तसबीर काढणे जायज की नाजायज, हा जुना वाद मी इथे काढत नाही. हजच्या अर्जावर फोटो चिकटवतो तो माणूस त्या वादात कुठे उभा असतो, ते आपण सगळे जाणतो.)

आता प्रश्नाकडे येतो.

दरवाजे आणि जामा मशीद पाहून झाल्यावर आम्ही जुन्या बाजाराकडच्या गल्ल्यांत शिरलो. लोक नुकते उठत होते. एका घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसली होती. मागे गोणपाटाचा पडदा अर्धा वर केलेला, चौकट जुन्या सागवानाची, तिच्यावर नक्षी, आणि सकाळचे तिरपे ऊन बरोबर तिच्या हातांवर. कुणाही फोटो काढणाऱ्याचे मन हलावे असेच ते दृश्य होते. तीन-चार कॅमेरे एकदम वर झाले. म्हातारी आधी गोंधळली. मग सूप बाजूला ठेवून उठली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "काय कू निकालते रे बाबा फोटू? हम क्या तमाशा हैं?" आणि पडदा सोडून आत गेली.

गटातला एक तरुण, मनाने चांगला मुलगा, थोडा खजील होऊन मला म्हणाला, "काका, आम्ही रस्त्यावर उभे होतो. घरात तर शिरलो नाही. यात गैर काय?"

त्याचे म्हणणे कायद्याच्या बाजूने बहुधा बरोबरही असेल. रस्ता सगळ्यांचा आहे. पण उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मला आमच्या मकतबमधले मौलवीसाहेब आठवले. दुसऱ्याच्या घरी कसे जायचे, हे ते आम्हाला करून दाखवत. सलाम करायचा, परवानगी मागायची. तीनदा विचारून आतून आवाज आला नाही तर परत फिरायचे, आणि मनात राग धरायचा नाही. सूरह नूरमधला हुकूमच तसा आहे: परत जा म्हटले तर परत जा. पण मौलवीसाहेबांची खरी गंमत पुढे होती. ते आम्हाला दारासमोर उभे राहू देत नसत. रसूलुल्लाह (स.) कुणाच्या घरी जात तेव्हा दाराच्या अगदी समोर उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, अशी हदीस ते सांगत. कारण त्या काळी दारांना पडदे नसत. आणि दुसरी एक हदीस: एक माणूस फटीतून आत डोकावताना दिसला, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्याला कडक शब्दांत समज दिली. परवानगी मागण्याचा नियम मुळात नजरेसाठीच तर घातला आहे, असा त्या बोलण्याचा आशय.

लहानपणी मला हा शिष्टाचार वाटला होता. त्या गल्लीत तो एक पूर्ण विचार आहे हे कळले. आपण समजतो की घरात शिरणे म्हणजे पाय आत टाकणे. ही शिकवण सांगते की डोळा आधी शिरतो. पाय उंबऱ्याबाहेर असले तरी माणूस आत गेलेला असू शकतो. कॅमेरा ही तर डोळ्याची लांबवलेली पोहोच. तो आत जाऊन परतही येतो, आणि येताना काही घेऊन येतो. शिवाय चांगला फोटो हवा तर दाराच्या बरोबर समोरच उभे राहावे लागते.

म्हणजे एकाच किताबात दोन हुकूम आहेत. हिंडा आणि पाहा. आणि पाहण्याआधी विचारा; नजर खाली ठेवा. हा दुसरा हुकूम आपण बायकांना ऐकवत राहतो, पण नूरमध्ये तो आधी पुरुषांना दिलेला आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? सोपे उत्तर असे, की उजाड अवशेष पाहावेत आणि राहती घरे सोडावीत. पण जुन्या शहरात हे दोन वेगळे कुठे असतात? नक्षीची चौकट वारसा आहे आणि तिच्यात बसलेली म्हातारी खासगी आहे, असे म्हणून दोघींना कापून वेगळे करता येत नाही. चौकट टिकली ती म्हातारीच्या घराण्याने तिला दरवर्षी तेल पाजले म्हणून. माणूस वजा करून दगड-लाकडाचे कौतुक करणे, ही मला त्या गल्लीतली दुसरी चूक वाटते. आणि ती पहिलीपेक्षा लहान नाही.

आणखी एक गोष्ट त्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोहल्ल्यात अनोळखी कॅमेरा शिरला की लोकांना वाटते, हा अतिक्रमणवाला तरी असेल, नाहीतर काही घडल्यानंतर येणारा बातमीदार, किंवा पोलिसांचा माणूस. तिघांनाही तिथे राहणाऱ्याचे नाव विचारायचे असते ते चौकशीसाठी, ओळखीसाठी नाही. चौथ्या प्रकारचा, प्रेमाने आलेला कॅमेरा लोकांनी ओळखावा कसा? तो स्वतःहून 'सलाम' किंवा 'नमस्कार' म्हणेल तेव्हाच ना?

आम्हा मराठी मुसलमान लेखकांना हे दुखणे जुने आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणत आलो आहोत की आमचे चित्र इतरांनी काढले, आम्ही आमचे काढले पाहिजे. बरोबरच होते ते. पण या वाक्याचा एक आडमार्गही आहे: इतरांनी आमच्याकडे पाहूच नये. तो मार्ग मला मान्य नाही. भेंडीबाजारात २००९ पासून पुनर्विकासाचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी टोलेजंग घरे उभी करायची, असे ठरले. राहणाऱ्यांना चांगली घरे मिळावीत, हे योग्यच. पण जे जिने आणि गॅलऱ्या पाडल्या गेल्या, त्या आता फोटोंतच सापडतात, आणि त्यातले कित्येक फोटो काढणारे त्या मोहल्ल्याचे नव्हते. परके म्हणून त्यांना हाकलले असते, तर नातवंडांना दाखवायला काय उरले असते?

इथवर मी माझ्या मनाशी ठाम होतो. मग पुढची गोष्ट घडली, ती आमच्या गावातच.

दसऱ्यानंतर भाचा दोन मित्रांना घेऊन चकलांब्याला आला. त्यांनी दोन दिवस गाव टिपले. वेशीकडचे ढासळते माळवद, पडक्या वाड्याचा चिरा, आणि दारे. कुलूप लावलेली दारे. त्या दिवसांत आमच्या भागात अशी दारे खूप असतात. काही महिन्यांनी शहरात त्यांच्या गटाचे प्रदर्शन भरले. तिथे आमच्या गल्लीतले एक दार मोठे करून लावले होते. निळा रंग उडालेला, वर आंब्याच्या वाळलेल्या पानांचे तोरण, मधोमध कुलूप. खाली नाव दिले होते: 'शांतता'.

मी त्या दारासमोर बराच वेळ उभा राहिलो. ते माझ्या शेजारणीचे दार. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणून नवरा-बायको मिळून एक कोयता धरून ऊसतोडीला गेलेली. धाकटे लेकरू सोबत. थोरली मुलगी शाळेसाठी आजीकडे ठेवलेली, ती रात्री रडते म्हणून माझी बायको अधूनमधून तिकडे जाऊन येते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे अशी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. 'शांतता' हे त्या कुलपाचे नाव कसे असेल? मला राग आला. भाच्याला मी बरेच बोललो. इथे तर विचारायलाही कुणी नव्हते, मग बाजूला उभे राहायचे कुणासाठी, असे तो म्हणाला. मी म्हणालो, मला विचारायचे. सलामाचे उत्तर घरातून आले नाही तर शेजारी असतो. तो गप्प बसला. आणि तो फोटो माझ्या हातात दिला.

फोटो खोटा नव्हता, हे मला तेव्हाही कबूल करावे लागले. ऊन खरे, तोरण खरे, कुलूप खरे. जे खरे होते ते कॅमेऱ्यासमोर नव्हते इतकेच.

पाडव्याच्या सुमारास शेजारीण परतली. हात कोयत्याने घट्टे पडलेले, चेहरा काळवंडलेला. मी तिला फोटो दाखवला. मनात होते, हिला वाईट वाटेल, आणि माझ्या रागाला साक्ष मिळेल. तिने तो पदराने पुसला, लांब धरून पाहिला.

"चाचा, ह्यात आमी कुठं हाव?"

मी म्हणालो, तेच तर.

ती पाहतच राहिली. मग म्हणाली, "कुलूप बदलाय झालंय बघा." थोड्या वेळाने: "ह्यो मला ऱ्हाऊ द्या. पुढच्या बारीला कोपीवर नेते. तिथं पोरगं इचारतं, आपलं घर कसं हाय. आता दाखवता येईल."

मी काही बोललो नाही. माझा राग तिच्या कामाचा नव्हता, आणि तो फोटो होता. ज्या फोटोसाठी मी भाच्याला फैलावर घेतले, त्याची धनीण त्यात नसूनही त्याला जवळ ठेवून घेत होती. परवानगी नंतर मिळाली तर आधीची चूक धुऊन जाते का? मला वाटते, जात नाही. पण पाहिले जाण्यात माणसाला फक्त तमाशाच वाटतो, हेही खरे नाही. जुन्या बाजारातल्या त्या म्हातारीला कुणी बाजूला उभे राहून विचारले असते, तर कदाचित तिने सूप खाली ठेवलेच नसते.

जाता जाता शेजारीण वळून म्हणाली, "भाच्याला सांगा, यंदा दसऱ्याच्या आधी ये. समदे घरी असत्याल. मीबी चांगलं लुगडं नेसते."

मी त्याच संध्याकाळी फोन केला. भाचा म्हणाला, "मामू, उन दिनों में इम्तेहान रहता."

मी म्हणालो, "इतवार को आ."