सेवा संपते काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक बंधू कारखान्यातून सेवानिवृत्त झाले. सिल्वासाजवळच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्याचे काम त्यांनी सत्तावीस वर्षे केले होते. त्या रविवारी उपासनेनंतर त्यांचा सत्कार झाला. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, आणि चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो, "बंधू, पुष्कळ कष्ट केलेत, आता आराम करा." सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी ते आमच्या घरी आले. संडे स्कूलमधील मुले गीतांचे पुस्तक हाती धरतात, पण त्यांचे डोळे पुस्तकावर नसतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. मराठी अक्षरे त्यांना लागत नाहीत, म्हणून ती पाठ झालेले म्हणतात आणि उरलेल्या ठिकाणी नुसते ओठ हलवतात. "दर रविवारी अर्धा तास मला द्या," ते म्हणाले, "मी त्यांना बाराखडी शिकवतो." आम्ही प्रेमानेच उत्तर दिले, "आता कशाला दगदग? तरुणांना करू द्या. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या." ते हसले, चहा घेतला आणि गेले.

पुढे सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नीकडून कळले की हे बंधू अजूनही पहाटे उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ओट्यावर येऊन बसतात. साडेसहाला कंपनीची बस रस्त्यावरून जाते. ती दिसेनाशी झाली की आत येऊन कपडे बदलतात.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. आम्ही त्यांना जे दिले तो मान होता, की मानाच्या शालीत गुंडाळलेली रजा होती?

निवृत्तीची कल्पना आपल्याला जुनी वाटते, पण ती फार जुनी नाही. शेतकरी निवृत्त होत नाही; हातातला नांगर सुटला की तो गुरे राखतो, गुरे राखणे जमेना की खळ्यावर बसून धान्य राखतो. ठरलेल्या वयाला सर्वांनी एकदम काम सोडायचे ही रीत कारखाना आणि कचेरी यांच्याबरोबर आली. जर्मनीने १८८९ साली वृद्ध कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा त्यासाठी वय ठरले होते सत्तर. त्या वयापर्यंत पोहोचणारे कामगार तेव्हा थोडे असत. आज अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसापुढे पंधरा-वीस वर्षांचा काळ सहज उभा असतो. हे देवाचे मोठे दान आहे. पण त्या दानाचे काय करावे हे आपण अजून शिकलेलो नाही.

आपल्या सिल्वासात तर हा प्रश्न अगदी नवा आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि १९६१ साली दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. दमणगंगेकाठचे हे लहानसे गाव. पुढे करसवलती मिळाल्या, पिपरिया, आमली, मसाट अशा ठिकाणी कारखाने उभे राहिले, आणि महाराष्ट्रातून, गुजरातेतून, उत्तरेतून तरुण माणसे येथे आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अठ्ठ्याण्णव हजारांच्या पुढे गेली होती. आता हिशेब करून पाहा. १९९० साली पंचविसाव्या वर्षी येथे आलेला कामगार २०२५ साली साठ वर्षांचा झाला. कारखान्यांसाठी येथे आलेल्यांची ती पिढी आता घरी बसू लागली आहे. तिचे मूळ गाव दूर राहिले, तेथील घर भावांनी वाटून घेतले. मुले पुण्या-मुंबईस गेली. या गावात तिला ओळखत होते ते कारखान्याच्या नावाने. ते नाव सुटल्यावर आपण कोण, असा प्रश्न तिला पडला तर नवल काय?

कोणी म्हणेल, मुलांनी आईबापांना सांभाळावे, प्रश्न मिटला. सांभाळावे हे तर खरेच. २००७ साली देशात त्यासाठी कायदाही झाला आणि हयगय करणाऱ्या मुलांकडून निर्वाहाचा खर्च मागण्याचा मार्ग आईबापांना मोकळा झाला. पण कायदा अन्न देववील, औषध देववील. "आज तुमच्यावाचून अडले आहे" हे वाक्य कोणताही कायदा देववू शकत नाही. ते वाक्य माणसानेच माणसाला द्यावे लागते.

या बाबतीत पवित्र शास्त्र काय म्हणते हे शोधताना गणनाच्या आठव्या अध्यायातील लेव्यांचा नियम आमच्या वाचनात नव्याने आला. लेव्याने पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी ते काम सोडावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे निवृत्तीचे वय ठरलेले आहे. दर्शनमंडप उभारणे-उतरवणे, त्याचे सामान वाहणे हे अंगमेहनतीचे काम होते, आणि थकलेल्या खांद्यावर ते ओझे ठेवू नये अशी देवाची दया त्यात दिसते. पण नियम तेथे थांबत नाही. पन्नाशीनंतरच्या लेव्याने आपल्या बंधूंना दर्शनमंडपाजवळ राखणीच्या कामात साहाय्य करावे, असेही त्यात आहे. ओझे उतरले, जागा गेली नाही. आम्ही त्या बंधूंचे ओझे उतरवले आणि त्याबरोबर त्यांची जागाही काढून घेतली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. सर्वांनाच काम हवे असते असे कोठे आहे? जन्मभर शिफ्टमध्ये राबलेल्या माणसाला स्वस्थ बसण्याचा हक्क नाही काय? "कार्यरत राहा, शिकत राहा" असा धोशा लावणे हाही एक जुलूमच नव्हे काय?

याचे उत्तर आम्हांला बर्जिल्लयाच्या गोष्टीत मिळते. अबशालोमाच्या बंडात दावीद राजा रानोमाळ झाला, तेव्हा या श्रीमंत म्हाताऱ्याने त्याला अन्न पुरवले. राजा परत निघाला तेव्हा म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मला माझ्या गावी आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या, असे त्याने सांगितले आणि आपल्याऐवजी किम्हामाला पाठवले. राजाने त्याचे चुंबन घेऊन त्याला आशीर्वाद दिला. नाही म्हणण्याचा हक्क बर्जिल्लयाला होता आणि राजाने तो मानला. पण ध्यानात घ्या, राजाने आधी विचारले! म्हाताऱ्याच्या वतीने राजाने स्वतःच उत्तर ठरवून टाकले नाही. सन्मान आहे तो या विचारण्यात. आमच्या बंधूंनी आपण होऊन मागितले होते, तरी उत्तर आम्ही ठरवले. विश्रांती ज्याने स्वतः निवडली त्याला ती कृपा आहे. दुसऱ्याने लादली तर ती शिक्षा होते.

आता शिकण्याविषयी. "या वयात शिकून काय करायचे?" हा प्रश्न आपल्याकडे म्हातारी माणसे स्वतःच विचारतात. त्याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने दिले. तेथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. पोथी स्वतः वाचता यावी, सही करता यावी, अंगठा उठवावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. शाळा भरे ती दुपारी, घरचे व शेतावरचे काम आटोपल्यावर. आणि घरी अभ्यास घेत ती नातवंडे. या शिक्षणाने कोणाला नोकरी मिळणार नव्हती. पण ज्ञान हे केवळ भाकरीचे साधन आहे असे मानले, तर बालवर्गातल्या गीताचीही काही गरज उरत नाही. देवाने माणसाला बुद्धी दिली ती साठ वर्षांच्या कराराने नव्हे.

परदेशातही हा विचार रुजला आहे. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे वृद्धांसाठी विद्यापीठाचे वर्ग निघाले. तेथे प्राध्यापक शिकवीत. पुढे १९८० नंतर इंग्लंडात केंब्रिज येथे तो विचार पोहोचला, तेव्हा त्याचे रूप पालटले. बाहेरचा प्राध्यापक नको. सभासदांनीच एकमेकांना शिकवावे. ज्याला जे येते ते त्याने द्यावे, जे येत नाही ते घ्यावे. हे दुसरे रूप आपल्यासारख्या गावाला अधिक मानवेल असे आम्हांला वाटते, कारण त्याला पैसा लागत नाही आणि त्यात कोणी नुसता श्रोता राहत नाही.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी तरी याचे आश्चर्य मानू नये. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली ग्लॉस्टर येथे शब्बाथशाळा काढली ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. आणि वेल्समध्ये तर अशा शाळांतून मोठी माणसेही मुलांप्रमाणे वाचायला शिकत. शब्बाथशाळेच्या दाराला वयाची पट्टी नंतर लागली.

मात्र आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. 'सेवानिवृत्त' हा शब्द पगारदाराचा आहे, आणि आपल्याकडे बहुधा पुरुषाचा. त्या बंधूंच्या पत्नी निवृत्त झाल्या नाहीत. त्या अजून स्वयंपाक करतात. आसपासच्या पाड्यांतील वारली म्हातारी अजून डोक्यावर मोळी आणते. तिला निवृत्तीचे वय कोणी सांगितलेले नाही. आपण ज्येष्ठांचे मंडळ काढले आणि त्यात सायंकाळी निवृत्तिवेतनधारक पुरुषांनी वर्तमानपत्र वाचून चर्चा केली, तर ते वाईट नव्हे, पण अपुरे आहे. आजी का आली नाही, तिच्या कडेवरचे नातवंड त्या तासाला कोण सांभाळील, हे आधी विचारले पाहिजे. फांगण्याची शाळा दुपारी भरे यात मोठे शहाणपण आहे.

मग आपल्या गावी काय करता येईल? मोठी योजना नको. आठवड्यातून एक दुपार, तळमजल्यावरची एक खोली, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, आणि पावसाळ्यात ने-आण करायला दोन तरुण. कारण येथला पाऊस म्हाताऱ्यांना चार महिने घरात कोंडतो. पहिल्या दिवशी भाषण ठेवू नये. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: तुम्हांला काय येते, आणि काय शिकावेसे वाटते? कोणाला मोटार दुरुस्त करता येते, कोणाला हिशेब, कोणाला कलम बांधता येते, कोणाला जात्यावरच्या ओव्या येतात. शिकण्याच्या गोष्टीही पुष्कळ निघतील. बसवरची गुजराती पाटी वाचणे. मोबाईलवर बँकेचा निरोप समजून घेणे आणि ओटीपी विचारणाऱ्या ठकाला ओळखणे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला दुसऱ्याच्या पाया न पडता स्वतः देणे. यात तरुण संघाची मुले शिक्षक होतील, आणि त्याच मुलांना मराठी वाचायला शिकवताना आजोबा शिक्षक होतील. या देवाणघेवाणीत कोणाचीही मान खाली जात नाही.

हे मंडळ सर्वांसाठी खुले असावे, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो. त्यामागे आमिष नसावे. म्हाताऱ्या शेजाऱ्याला अक्षर शिकवणे ही स्वतःच पुरेशी सेवा आहे; तिला दुसरा हेतू जोडण्याची गरज नाही. आणि ज्याला यायचे नाही त्याच्या घरी आपण जावे, बसावे, त्याचे ऐकावे, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा एकदा विचारावे.

ते बंधू आता मुलाकडे राहावयास गेले आहेत. मागील महिन्यात आम्ही त्यांना फोन केला आणि त्या दिवशीच्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. ती घटना त्यांना आठवते की नाही, अशी आम्हांला शंका होती. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचं जाऊ द्या. ती मुलं आता वाचतात का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर मुलांना आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना एका खोलीत बसवण्याचे आम्ही ठरवले आहे. पाट्या आणल्या आहेत. प्रिय वाचकहो, आपल्याही मंडळीत मागल्या बाकावर कोणी बसले असेल. या रविवारी त्यांना शाल देऊ नका, त्यांना विचारा.