डोंगऱ्या देवाचे वय

मार्गशीर्षात सुरगाण्याच्या जुन्या संस्थानी मुलखातील कोकणा बांधव पावरीच्या सुरावर फेर धरून ज्या डोंगऱ्या देवाची आराधना करतात, तो डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे, हे भूशास्त्राने सिद्ध केल्यावर त्याचे देवत्व उणावते काय? मला तसे मुळीच वाटत नाही. भक्त डोंगराकडे पाऊस, धान्य आणि गुरांची खुशाली मागतात, आणि त्यांची नागली ज्या मातीत रुजते ती त्याच खडकाची झीज होय. मग त्याला अन्नदाता मानण्यात असत्य ते कोणते?

सह्याद्रीच्या घाटात कापलेल्या कड्यावर दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीची पट्टी कधीकधी दिसते. एक प्रवाह निवून दुसरा येईपर्यंत, खडकाची माती होण्याइतका, जो काळ लोटला त्याचा तो दस्तऐवजच होय. अशाच थरांमधील गोड्या पाण्याच्या शंखांचे अवशेष नागपूरनजीक टाकळीस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासिले. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते; कारण प्रार्थना आणि हातोडी ही दोन्ही त्यांनी एकाच आयुष्यात निष्ठेने सांभाळली.