खोलीतला सोबती



निकाल लागले की आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली मुंबई, पुणे, पणजीची वाट धरतात. कॉलेज मिळते, नोकरीही मिळते. अडते ते राहण्यापाशी. एकट्याला भाडे झेपत नाही. मग आईवडील मिस्सानंतर थांबतात आणि म्हणतात, "फादर, आपल्यातलोच कोण गावता काय बघा." या 'आपल्यातलो' शब्दात पुष्कळ काही बसते. कॅथलिक असावा, शक्यतो मालवण-वेंगुर्ल्याकडचा असावा, मासे खाणारा असावा, पिणारा नसावा. शिवाय एक-दोन अटी अशा असतात की त्या मोठ्याने बोलल्या जात नाहीत. आईवडिलांची काळजी मला समजते. पण एका लहान खोलीत ज्याच्या शेजारी झोपायचे, त्याच्याकडून काय मागणे रास्त आणि काय मागणे अन्यायाचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आपल्या मुलखाला तो नवाही नाही. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून इथले पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला जात. बायकामुले गावी. मुंबईत गावाच्या मंडळाने घेतलेली एक खोली, आणि तिच्यात पंधरा-वीस जण, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. जेवण शेजारपाजारच्या एखाद्या बाईच्या खानावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी. (या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायकांवर खरे तर वेगळा लेख लिहायला हवा.) धोबी तलाव आणि माझगावला गोव्याच्या गावांच्या 'कुडी' होत्या, त्यांनाच क्लबही म्हणत. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरत. तिथेही ट्रंकांची रांग, पण एका बाजूला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणायचा. नको त्याने दुसरीकडे राहावे.

या खोल्यांचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पगार अपुरा, जागा नाही, म्हणून माणसे तशी राहिली. शिवाय 'आपल्यातला' ही चाळणी तिथेही होतीच. गावाची खोली बहुधा गावाची आणि जातीचीही असे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगावच ओसरले, त्याबरोबर ते जगणेही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वीस जणांचे स्वभाव जुळतात का, हे कुणी पाहिले नव्हते. एक घोरणारा, एक तापट, एक उधारी बुडवणारा असणारच. तरी खोली चालली, कारण पाणी कोण भरणार, झोपणाऱ्याच्या उशाशी कुणी बोलायचे नाही, पैसे कोणत्या तारखेला द्यायचे, हे ठरलेले होते आणि ते मोडणाऱ्याला विचारणारे कुणीतरी होते.

आज आपण नेमके उलट करतो. आधी 'जुळणारा' माणूस शोधतो, आणि तो सापडला की नियमांची गरजच काय, असे समजतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाचा नियम लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ते मठवासीयांचे प्रकार सांगतात, आणि त्यातल्या ज्या एका प्रकाराची त्यांना चीड आहे, तो म्हणजे दोघे-तिघे मिळून स्वतःच्या मर्जीने राहणारे. त्यांना आवडेल ते पवित्र, नावडेल ते निषिद्ध. हे वाचताना मला शहरातला भाड्याचा फ्लॅट डोळ्यांसमोर येतो. याच नियमात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदलते, आणि पाळी संपवणाऱ्याने शनिवारी पुसायची फडकी धुऊन, भांडी स्वच्छ आणि शाबूत परत करायची असतात. एवढा मोठा संत फडक्यांवर शाई खर्च करतो, कारण माणसांचे प्रेम आटते ते अशाच ठिकाणी.

ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार मानतो: उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची. भाडे वाटून घेणे ही उपयोगाची मैत्री, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. संत पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, त्याचे कारण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात साधे दिले आहे: तिघांचाही धंदा तंबू करण्याचा होता. आपली चूक ही की पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रकारची मैत्री मागतो, आणि ती मिळत नाही म्हणून पहिलीही मोडतो. दोघांनी बरोबर बसून पुष्कळ मीठ खाल्ल्याशिवाय एकमेकांची ओळख पटत नाही, अशी एक जुनी म्हण तोच ॲरिस्टॉटल देतो. आपण मिठाला जागतो ते धन्याच्या; हे मीठ बरोबरीच्या माणसाचे आहे.

आणि मनासारखा सोबती मिळाला म्हणजे सारे साधले, असेही नाही. चौथ्या शतकात संत बासिल आणि नाझियांझचे संत ग्रेगरी अथेन्समध्ये शिकत असताना एकत्र राहिले. एक घर, एक ताट, एक ध्येय. याहून जुळणारी जोडी चर्चच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही. पुढे ३७२ मध्ये बासिलने आपल्या सोयीसाठी ग्रेगरीला सासिमा नावाच्या धुळीच्या आडगावाचे बिशप केले. ते ग्रेगरीला इतके लागले की बासिलच्या मृत्यूनंतर त्याच्या गौरवाचे भाषण करतानाही तो सल लपला नाही. चर्च मात्र दोघांचा सण एकाच दिवशी, २ जानेवारीला पाळते.

आता त्या न बोललेल्या अटींकडे येतो. मुंबईत खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना विचारतात, "तुम्ही मासे-मटण खाता का?" पुष्कळदा हा प्रश्न ताटाचा नसतो, जन्माचा असतो. आडनाव ऐकूनही फोन बंद होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेला आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी संस्थेच्या खटल्यात दिला. कायद्याने जे चालते ते सदसद्विवेकालाही चालते, असे मात्र नाही. आणि ज्याची आपण मुंबईत तक्रार करतो तेच मालवणात करत असलो तर? मागची खोली रिकामी असते, हॉटेलात काम करणारा परप्रांतीय मुलगा विचारायला येतो, आणि आपण म्हणतो, "पावणे येवचे हत."

माझ्या मते रेषा इथे आहे. माणूस काय करतो, हे विचारावे. तो कोण जन्मला, हे विचारू नये. शाकाहारी मुलाला बंद खोलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास खरोखर सहन होत नाही, ते सोंग नव्हे. "खिडकी उघडून भाज, किंवा बाहेर खाऊन ये" हे त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि ते आपल्या मुलाने ऐकावे. "तुझ्यासारखे नकोत" हे म्हणणे रास्त नाही. दारूबद्दल विचारणे योग्य. पैसे वेळेवर देतोस का, रात्री किती वाजता येतोस, मित्र मुक्कामाला येतात का, हेही योग्य. उलट आपला मुलगा घरी स्वतःचे ताट उचलतो का, हे त्या दुसऱ्या मुलाच्या आईने विचारले तर आपल्याला उत्तर देता यायला हवे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याबद्दल म्हटले आहे की तो आशीर्वाद शापच गणला जाईल. पहाटे मोबाइलवर मोठ्याने भक्तिगीते लावणाऱ्या आपल्या धार्मिक मुलांनी ते प्रकरण काढून वाचावे, सत्ताविसावे आहे.

इतके करूनही काहींचे पटत नाही. अब्राहाम आणि लोट यांचेही पटले नाही. गुरे वाढली, जागा पुरेना, गुराखी भांडू लागले. तेव्हा अब्राहामने, वयाने आणि मानाने मोठा असूनही, पुतण्याला सांगितले की तू आधी निवड, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटने पाण्याचा सुपीक प्रदेश उचलला. अब्राहामने शब्द फिरवला नाही, आणि पुढे लोट शत्रूंच्या हाती सापडला तेव्हा त्याला सोडवायला तोच धावला. खोली सोडून जाणाऱ्या मुलाने लाइटबिलाचा आपला वाटा देऊन जावे. राहणाऱ्याने त्याच्या डिपॉझिटचे पैसे महिनोन्महिने अडकवून ठेवू नयेत. आणि गॅसचा सिलिंडर कुणाच्या नावावर आहे, हे दोघांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे.