नाबोथाचा मळा आणि अलिबागचा किनारा

(शास्त्रपाठ : लेवीय २५, १ राजे २१, यिर्मया ३२)



नाबोथाची कथा आम्हां बहुतेकांस तोंडपाठ आहे. परंतु तींतील एक गोष्ट सहसा नजरेंतून निसटते. अहाब राजानें आरंभीं जुलूम केला नव्हता. मळ्याच्या मोबदल्यांत त्याहून चांगला मळा, नाहीं तर रोख पैसा, त्यानें देऊं केला. व्यवहार म्हणून पाहतां त्यांत कांहींच गैर नव्हतें. तरी वाडवडिलांचें वतन देणार नाहीं, असें नाबोथ म्हणाला. खोटी साक्ष व खून हें सर्व मागाहून आलें. परीक्षा सुरू झाली ती चांगल्या भावापासून.

हा पाठ आम्ही मुद्दाम घेतों, कारण अलिबागच्या किनाऱ्यावर आज चांगला भाव दारांत येऊन उभा आहे. मुंबईचा भाऊचा धक्का व मांडवा यांमध्यें मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली, आणि जानेवारी २०२४ मध्यें सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. सासवणें, आवास, किहीम या गांवांत मुंबईच्या धनिकांचे बंगले पूर्वींपासून होतेच. पण जें थोडक्यांस परवडे, त्याची इच्छा आतां पुष्कळांस झाली आहे. मग जमिनीचा भाव ठरतो तो कशावर? भात, नारळ, सुपारी किंवा २०२१ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालेला येथील पांढरा कांदा, यांच्या उत्पन्नावर नव्हे. तो ठरतो मुंबईंत मिळविलेल्या पैशावर. गांवचा मास्तर, होडीवाला, वेगळें बिऱ्हाड करूं पाहणारा धाकटा भाऊ, हे त्या भावापुढें कसे टिकणार? वाडीच्या मालकाचा नातू त्याच वाडीवर राखणदार होतो, आणि बंगल्यास आठवड्याचे पांच दिवस कुलूप असतें. कुलूप लावलेल्या घरांतून शाळेंत मूल येत नाहीं, आणि रात्रीं शेजारी आजारी पडला तर तेथून कोणी कंदील घेऊन धांवत नाहीं.

ही जमीन कशी मिळाली, हें तरी आठवावें. याच तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेतें पडीक राहिलीं. लोकांनीं लाकूडफाटा विकून दिवस काढले. पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कुळांनीं मालक होण्याचा दिवस ठरला. सातबाऱ्यावर जें नांव यावें म्हणून आजोबांनीं उपास काढले, तें नांव नातू एका दुपारीं निबंधकाच्या कचेरींत देऊन येतो.

तथापि विकणाऱ्यास आम्ही पापी म्हणत नाहीं. नाबोथापाशीं मळा होता, रुग्णालयाचें बिल नव्हतें. नवीन येणाऱ्यासही आम्ही शत्रु मानीत नाहीं. जमीन परमेश्वराची, व तिच्यावर राहणारे सर्वच त्याच्या दारचे उपरी, असें लेवीयांत सांगितलें आहे. मग तीन पिढ्यांचा रहिवासी आणि कालचा पाहुणा एकाच पंगतीस बसतात. शिवाय आमच्यांतील पुष्कळांच्या आजोबांस गांवचा पाणवठाही मोकळा नव्हता. बाहेरचा म्हणून दूर ठेविलें जाणें काय असतें, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको.

पण त्याच अध्यायांत घरांविषयींचा जो भेद आहे तो फार विचार करण्याजोगा आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें, तर तें एका वर्षाच्या आंत सोडवावें. न सोडविल्यास घेणाऱ्याचें कायमचें झालें. परंतु ज्या गांवास तट नाहीं तेथील घर शेताबरोबर गणावें. तें केव्हांही सोडवितां येई, व योबेल वर्षीं मूळ धन्याकडे परत जाई. असें कां? आम्हांस वाटतें, नगरांतील घर मालमत्ता होय. खेड्यांतील घर म्हणजे त्या शेतांत राबणाऱ्यांचा निवारा. घर गेलें कीं शेत ओसाड पडणार, आणि गांवही मोडणार.

आमच्या कायद्यांत योबेल वर्ष नाहीं. खरेदीखत नोंदलें गेलें कीं संपलें. म्हणून विचार करावयाचा तो आधीं. यिर्मयाकडे त्याचा चुलतभाऊ हनमेल अनाथोथांतील शेत घेऊन आला, कारण तें सोडविण्याचा हक्क प्रथम त्याचा होता. यरुशलेमास वेढा पडलेला, यिर्मया स्वतः कैदेंत. तरी त्यानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदार केले, आणि खतें मातीच्या मडक्यांत जपून ठेवविलीं.

तेव्हां दलालास होकार देण्यापूर्वीं भावास विचारा, मग मंडळींतील वडिलांस. गरज एका तुकड्याची असेल तर सारी वाडी देऊं नका, राहतें घर तर शेवटपर्यंत राखा. ज्यांच्या घरीं जास्त खोली आहे त्यांनीं ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठींच न ठेवितां गांवच्या एखाद्या गरजू कुटुंबास माफक भाड्यानें द्यावी. आणि उपदेशक बंधूंनीं एवढें करावें : कोणी मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर अंगठा देण्यापूर्वीं तो कागद त्याच्या घरीं बसून, बायकामुलांच्या देखत, मोठ्यानें वाचून दाखवावा.