रिपोर्ट नॉर्मल, पोट नाही

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपीही झाली. सगळं नॉर्मल. आई म्हणाली, "बघ, काही नाहीये. उगाच टेन्शन घेतेस." पोट मात्र दुखतच होतं.

याला आयबीएस म्हणतात. २०१६ च्या 'रोम ४' निकषांतही तो मुख्यतः लक्षणांवरून ओळखतात: वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या सवयीत बदल. म्हणजे रुग्ण सांगेल तेच. कांदा, लसूण, गहू यांतलं फ्रुक्टन लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. तो सगळ्यांनाच होतो. पण काहींच्या आतड्यांचे मज्जातंतू जास्त हळवे असतात, तेवढ्याच गॅसने त्यांना कळ येते.

म्हणजे दुखणं खरं होतं, फक्त यंत्राला दिसत नव्हतं. मग दुसऱ्याच्या वेदनेचा पुरावा मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मीही एकदा मैत्रिणीच्या मायग्रेनला 'नाटक' म्हटलं होतं. तिचेही रिपोर्ट नॉर्मलच होते.

आईला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण लसणाची फोडणी द्यायच्या आधी ती माझ्यापुरतं वरण वाटीत बाजूला काढते. विश्वास ठेवायला आधी पटावंच लागतं असं नाही, हे मला त्या वाटीने शिकवलं. मैत्रिणीला मात्र अजून सॉरी म्हणायचं राहिलंय.