शंभर मीटरच्या आत

बँकेत बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून एक गोष्ट मला कळली आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळणं सोपं. कुठली सांभाळायची हे ठरवणं कठीण. लॉकरमध्ये काय ठेवायचं ते गिऱ्हाईक ठरवतं, आम्ही नुसती किल्ली फिरवतो. म्हणूनच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या त्या साहेबांबद्दल मला भीतियुक्त आदर वाटतो. देशाच्या लॉकरमध्ये काय जायचं, ते त्यांच्या टिपणापासून ठरायला लागतं!

१९५८ चा कायदा म्हणतो, वास्तू किमान शंभर वर्षांची हवी. आमची चाळ अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. ती शंभरी गाठेल म्हणून मालकाला धास्ती आणि गाठणार नाही म्हणून आम्हाला. पण नुसत्या वयावर भागत नाही, नाहीतर आमच्या शाखेतली कपाटं केव्हाच संरक्षित झाली असती. 'राष्ट्रीय महत्त्व' लागतं, आणि ते मोजायची फूटपट्टी बाजारात मिळत नाही. साहेब टिपण लिहितात, सरकार नोटीस काढतं, ती वास्तूजवळ डकवतात, दोन महिने हरकतींची वाट बघतात आणि मग राजपत्रात नाव छापून येतं.

आता मला सांगा, हरकत घेणार कोण? जिवंत माणसंच. ज्यानं वास्तू बांधली तो येऊ शकत नाही आणि ज्याच्यासाठी राखायची तो अजून जन्मायचा आहे. अज्ञान मुलाच्या नावापुढं 'अ.पा.क.' लिहून पालनकर्त्याची सही घेतात ना, तसे हे साहेब म्हणजे न जन्मलेल्यांचे अ.पा.क.! असा कुणीतरी हवाच. नाहीतर आपण लेणीसुद्धा मंगल कार्यालयाला भाड्यानं देऊ.

पण खरी मेख पुढंच आहे. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद केलं आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी सक्तीची केली. शनिवारवाड्याजवळच्या एखाद्या जुन्या घरातल्या माणसाला इतिहासाबद्दल विचारून बघा. तो म्हणेल, "वाडा पेशव्यांचा, पण गळती माझी!" अभिमान सगळ्या देशाचा आणि भुर्दंड शेजाऱ्याचा. ठेव एकानं ठेवायची आणि हप्ते दुसऱ्यानं भरायचे, असली योजना आमच्या बँकेतसुद्धा नाही.

बरं, एवढं करून लॉकरमधलं शाबूत राहतं का? महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात ९२ स्मारकं सापडत नव्हती. पुढं शोधाशोध होऊन ४२ मिळाली. उरलेल्या ५० पैकी १४ शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्यात गेली आणि २४ चा पत्ताच नाही, असं संसदीय समितीपुढं आलं. आमच्याकडे साध्या २४ पावत्या हरवल्या, तर कारकुनाचंच स्मारक करतील.

तरीही साहेबांची सही नको, असं मी म्हणणार नाही. पाडलेलं पुन्हा उभं करता येत नाही. गळकं छप्पर निदान दुरुस्त तरी होतं. मला त्यांच्या टिपणात फक्त एक रकाना वाढवून हवा आहे : 'हे जपण्याची किंमत कोण देणार?' साधं स्कूटरचं कर्ज देतानाही हप्ते कोण भरणार, हे आम्ही आधी लिहून घेतो. राष्ट्राचं महत्त्व स्कूटरपेक्षा स्वस्त नसावं.